मेडिकेअर सुरू झालं आणि कॅन्सरच्या औषधाचं कोपे कार्ड बंद पडलं, काय करू?

प्रश्न:
ह्यांना मल्टिपल मायलोमा (रक्ताचा एक कॅन्सर) आहे, लेनालिडोमाईड चालू आहे, २१ दिवस रोज एक कॅप्सूल मग ७ दिवस सुट्टी. ६५ झाले म्हणून नोकरी सोडली, १ मे पासून मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) आणि त्यातला औषधांचा भाग, पार्ट डी. आधी नोकरीच्या इन्शुरन्सवर औषध कंपनीचं कोपे कार्ड (आपल्या वाट्याचे पैसे कंपनी भरते) होतं, खिशातून फारसं जायचं नाही. काल फार्मसीचा फोन, कार्ड आता चालणार नाही, २१०० डॉलर भरा. डबीत ४ कॅप्सूल उरल्यात आणि हे म्हणतात एक दिवसाआड घेतो. माझ्या पोटात गोळाच आला.

प्रतिसाद १:
ताई, एक दिवसाआड अजिबात नको, आजच ऑन्कॉलॉजीच्या नर्सला फोन करा. कोपे कार्ड मेडिकेअरवर कायद्यानेच चालत नाही, त्यात तुमची चूक नाही. पण २१०० हे दर महिन्याचे नाहीत हो, २०२६ ची खिशातून भरायची अख्ख्या वर्षाची मर्यादा आहे! ते भरले की डिसेंबरपर्यंत पार्ट डीच्या यादीतल्या औषधांना शून्य. २०२४ च्या आधी अशी मर्यादाच नव्हती, माझ्या वडिलांच्या वेळी दर महिन्याला भरत बसलो होतो. फक्त औषध प्लॅनच्या यादीत हवं, आणि जानेवारीत मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

प्रतिसाद २:
एकदम भरायची पण गरज नाही. मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन म्हणून सोय आहे, हप्ते पडतात आणि व्याज नाही. मे ते डिसेंबर ८ महिने, म्हणजे महिन्याला साधारण २६२. फोन फार्मसीला नाही, पार्ट डीच्या प्लॅनला करायचा आणि औषध उचलायच्या *आधी*, प्लॅनला २४ तासात उत्तर द्यावं लागतं. उत्पन्न कमी असेल तर एक्स्ट्रा हेल्पचा (औषधांच्या खर्चाला सरकारी मदत) अर्ज सोशल सिक्युरिटी ऑफिसकडे करा.

प्रतिसाद ३:
अजून एक, पुढेमागे सलाईनमधून औषध द्यायची वेळ आली तर ते पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर-दवाखान्याचा भाग) मध्ये जातं, तिथे २० टक्के आपले आणि ओरिजिनल मेडिकेअरला (थेट सरकारकडून मिळणाऱ्या) वरची मर्यादाच नाही. पार्ट बी सुरू झाल्यापासून ६ महिने मेडिगॅपवाले (आपल्या वाट्याचा खर्च भरणारा वेगळा खाजगी विमा) आजारपणामुळे नाही म्हणू शकत नाहीत, ही मुदत घालवू नका. तुमच्या राज्यातल्या शिपच्या (SHIP, मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी सोय) लोकांना विचारा, फुकट समजावून सांगतात.

मूळ प्रश्नकर्ती:
नर्सशी बोलले, रोजचीच घ्यायची म्हणाली. प्लॅनला फोन करून हप्त्यांचं नाव नोंदवलं, आता उत्तराची वाट बघतेय. ह्यांनी रात्रीची कॅप्सूल घेतली.