चेंडू झेलत मॅरेथॉन : चढावर ताल जातो, काय करू?

लोकहो, विषय जरा चक्रम आहे. हसून घ्या, पण उत्तर द्या.

धावताना तीन चेंडू सतत झेलत राहायचं, याला जॉगलिंग म्हणतात. कॅनडाच्या मिखाल काप्रालने २००७ साली टोरांटोत अशी अख्खी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं १२ सेकंदांत मारली. मला रिकाम्या हातांनी २१ किमीला सव्वादोन तास लागतात, तेव्हा विक्रमाबिक्रमाचं सोडा. ४२ पुरी झाली की गंगेत घोडं न्हालं. आई म्हणते, "चाळिशीत सागरगोटे खेळत गावभर पळतोस, शोभतं का?"

मी गुहागरात असतो. ओहोटीच्या ओल्या वाळूसारखी सरावाला जागा नाही. घट्ट, सपाट, मागून डंपर नाही. पण तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला सकाळी सहाला किनारा मोकळा, आणि अष्टमीला नेमकी सहालाच भरती! त्या आठवड्यात शृंगारतळीचा रस्ता धरतो, आणि तिथे सगळा बट्ट्याबोळ होतो.

किनाऱ्यावर प्रत्येक पावलाला एक फेक असं जमलंय. ५ किमीत काल ११ वेळा चेंडू पडला. जिथे पडला तिथूनच पुढे धावायचं हा नियम, त्यामुळे कंबर वाकवण्यातच निम्मा जीव जातो. चढाला पावलं छोटी नि भराभर पडतात, हात मागे राहतात.

चेंडूंचं म्हणाल तर टेनिसचे खाऱ्या वाऱ्यावर भरकटतात. मोज्यात तांदूळ भरून केले, एक लाटेत भिजला, दोन दिवसांनी असा आंबूस वास की बायकोने मोज्यासकट फेकला. आता फुग्यात नाचणी भरलीय. झकास.

तर चढावर ताल कसा सांभाळायचा? आणि रविवारची लांब धावही चेंडू घेऊनच करायची का? तिसऱ्या किमीपासून खांदे भरून येतात.

प्रतिसाद : फेक किती उंच जाते? कपाळापर्यंत जात असेल तर चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, पावलं त्याच्यासाठी थांबत नाहीत. चढाला हनुवटीच्या वर जाऊ देऊ नका. कोपरं अंगाशी ठेवा, खांदे आपोआप उतरतील. लांब धाव रिकाम्या हातांनीच करा, शेवटचे २-३ किमी चेंडू काढा. दमल्यावर हात काय करतात ते तेव्हाच कळतं.

धागाकर्ता : कपाळाच्याही वर जात होती की हो! आज खाली ठेवून पाहिली, ११ चे ६ झाले, पण किनाऱ्यावर. उद्या षष्ठी, भरती साडेचारला. म्हणजे रस्ताच. संध्याकाळी कळवतो.