मदत हवी आहे: माजी सैनिकासाठी सोसायटीत छोटं घर, परवानगी कोण देतं?

घणसोलीचा_समीर
लवकर उत्तर हवंय, पाऊस तोंडावर आलाय. आम्ही काही जणांनी वर्गणी काढून 2 लाख 60 हजार जमवलेत. एका माजी सैनिकासाठी कंटेनरचं घर बसवायचंय. वीस बाय आठ, संडास-बाथरूम आतच. विकणारा पंधरा दिवसांत आणून देतो म्हणतो, पण परवानगीचं कुणी धड सांगत नाही. नुसतं या टेबलावरून त्या टेबलावर. इथे कुणी केलंय का असं?

पामबीच_वारा
जागा कुणाची?

घणसोलीचा_समीर
सोसायटीचीच. पंपरूमच्या मागे.

पामबीच_वारा
हे आधी सांगायचं ना! तिथे अग्निशमनची गाडी फिरायला जागा मोकळी ठेवावी लागते. आणि आत माणूस राहणार म्हटलं की ती शेड उरत नाही, बांधकाम होतं. प्लॉट सिडकोच्या लीजवरचा असेल तर त्यांच्याही अटी आल्या. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का? वर्गणी कुणाच्या नावावर जमा आहे? ट्रस्ट नसेल तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणी गोळा करायची, म्हणजे कलम 41क ची परवानगी लागेल.

बेलापूरची_नीता
कंटेनर नकोच. आमच्या साइटवरचं ऑफिस कंटेनरमध्ये होतं. एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नसे आणि पावसात पत्र्याच्या आवाजाने फोन ऐकू येत नसे. त्यापेक्षा त्याच पैशात गावठाणात खोली भाड्याने घ्या. दोन-तीन वर्षं सहज निघतील.

उरणकर
नीताताई, नुसता पत्रा ठेवला तर तापणारच. आतून उष्णता अडवणारं पफ पॅनेल मारायचं, वरून दुसरं छप्पर टाकायचं, मधे हवा खेळायला फूटभर जागा सोडायची. मी तीन वर्षं राहतोय. आणि भाड्याचं म्हणाल तर अकरा महिने संपल्यावर एकट्या म्हाताऱ्या माणसाला मालक पुन्हा करार करून देतो का, ते विचारा.

बेलापूरची_नीता
तुमचा तुमच्या जागेत आहे हो. इथे जागेचाच प्रश्न आहे.

कळवा_खाडी
माजी सैनिकांना मालमत्ता कर माफ आहे, बाळासाहेब ठाकरे सन्मान योजना, 2020 ची. आमच्या वडिलांचं काम झालं. नक्की अर्ज करा.

घणसोलीचा_समीर
अहो दादा, घरच नाही तर कर कसला! कृपया परवानगीचं बोला.

हवालदार_निवृत्त
समीरभाऊ, कंटेनरचं माप दिलंत, माणसाबद्दल एक ओळ नाही. वय काय? कुठली रेजिमेंट? फौजेतून सुटताना मिळतं ते डिस्चार्ज बुक आहे? पेन्शन असती तर वर्गणीची वेळ आली नसती, मग पेन्शन का नाही?

घणसोलीचा_समीर
68 वय. आमच्याकडे रात्रीच्या ड्यूटीला आहेत, केबिनमध्येच झोपतात. मराठा लाइट इन्फंट्री, आठ वर्षं नोकरी. पुस्तक 2005 च्या पुरात गेलं, तेव्हा बदलापूरच्या चाळीत होते. पंधरा वर्षं भरली नाहीत म्हणून पेन्शन नाही, असं तेच म्हणतात.

हवालदार_निवृत्त
आठ वर्षांत सुटले कसे? स्वतः अर्ज करून की मेडिकलवर?

सानपाडा_आजी
मुलीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा कॅन्सस सिटीत माजी सैनिकांसाठी अशी वस्ती पाहिली, व्हेटरन्स कम्युनिटी प्रोजेक्ट या संस्थेची. 49 छोटी घरं, बरीचशी 240 चौरस फुटांची, देणग्यांतून उभारलेली, भाडं नाही. पण प्रत्येकामागे कागद, औषधं, नोकरी बघणारा माणूस होता. पुढे स्वतःच्या घरात जाईपर्यंत सोबत करायची, अशी त्यांची रीत. तुमच्या काकांचे कागद कोण बघतंय?

घणसोलीचा_समीर
आजी, खरं सांगतो, कुणीच नाही. हवालदारसाहेब, आत्ता खाली जाऊन विचारून आलो. ड्यूटीवर पाय मोडला होता, मेडिकल बोर्डाने सोडलं. ते अजून लंगडतात. आम्हाला वाटायचं वयामुळे.

हवालदार_निवृत्त
मग हे आधी पकडा. इजा सेवेमुळे झाली असं बोर्डाने लिहिलं असेल तर अपंगत्व पेन्शनला पंधरा वर्षांची अट नाही. लष्कराने ती नाकारली असेल तर मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. तेही नाही जमलं तर पासष्टीच्या पुढच्या, पेन्शन नसलेल्या, हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्यांना बरोबर घेऊन. मराठाचे रेकॉर्ड्स बेळगावला आहेत, तिथून कागद मिळतो. आर्मी नंबर मात्र लागेल.

घणसोलीचा_समीर
नंबर तोंडपाठ आहे त्यांना. विचारल्याबरोबर सावधान उभे राहून सांगितला, मी दोनदा लिहून घेतला. सोमवारी सुट्टी टाकतोय. कंटेनरवाल्याला थांबायला सांगितलंय, पण पावसाळा केबिनमध्ये काढायला लावणार नाही. नीताताई, गावठाणातल्या खोलीचं बघाल का?

उरणकर
दुहेरी छप्पर मात्र लक्षात ठेवा.

बेलापूरची_नीता
बघते. पाय मोडलेला आहे म्हणालात, म्हणजे तळमजलाच लागेल आणि संडास आत हवा. उद्या संध्याकाळपर्यंत कळवते.