घरात आणखी एक जीव आणताना तुम्ही काय पाहिलंत?

मंडळी, आमच्या घरी ठकी आहे. 7 वर्षांची भाटी, म्हणजे मांजरी, तीन रंगांची, सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखी वावरते. सासूबाई 76 वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. लेक पाचवीत, त्याला कुत्र्याचं पिल्लू हवंय. विकत न घेता दत्तकच घ्यायचं यावर घरात एकमत आहे. एकमत तेवढंच.

सल्ले पोतंभर मिळालेत. मला अनुभव हवेत. घरात आधी कोण होतं, नवं कोण आणलं, तेच का, आणि पहिल्या महिन्यात काय काय झालं? फसलेले अनुभव आधी सांगा. गोंडस फोटो बघून मी एकदा घसरले आहे, त्यामुळे फोटो नकोत.
(नाशिक)

---

फसलेला हवा ना? घ्या.

आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा 11 वर्षांचा, मागच्या पायांत संधिवात. जो तो म्हणाला, पिल्लू आणा, म्हातारा पुन्हा तरुण होईल. आणलं 2 महिन्यांचं पिल्लू. म्हातारा तरुण झाला नाही, चिडका झाला. पिल्लू त्याच्या कानाला लोंबकळायचं. तो कण्हत उठून दुसऱ्या खोलीत जायचा, की हे मागे हजर. शेवटी तो गुरगुरायला लागला आणि आम्ही शहाणे त्यालाच दटावायचो. डॉक्टरांनी आमचे कान उपटले. म्हणाले, तो गुरगुरून सांगतोय की आता पुरे. तेही बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगता दात लावेल.

आठव्या दिवशी त्याने ताटलीकडे पाठ फिरवली. पिल्लू ज्या ताईंकडून आणलं होतं त्यांनी ते एक शब्द न बोलता परत घेतलं. मला फार अपराधी वाटलं, अजून वाटतं.

तीन महिन्यांनी ताईंचाच फोन. 6 वर्षांची गावठी कुत्री, कानाला नसबंदीची खाच, आधीच्या घरी म्हाताऱ्या कुत्र्यासोबत राहिलेली. या वेळी घरी भेट नाही. मोकळ्या मैदानावर दोघांना पट्ट्याने, मध्ये दहा-बारा फूट ठेवून, एकाच दिशेने चालवलं. समोरासमोर आणलंच नाही. अर्ध्या तासाने दोघांनी एकमेकांना मागून हुंगलं आणि मग दोघंही कंटाळले. ताई म्हणाल्या, कंटाळलेच पाहिजे होते. तरी आधी 15 दिवस फक्त सांभाळायला आणली, जेवणाच्या ताटल्या वेगळ्या खोल्यांत. आता दोघं गॅलरीच्या दोन टोकांना झोपतात. मैत्री म्हणवत नाही. शेजार आहे, चांगला आहे.
(पुणे, कोथरूड)

---

आमचं वन रूम किचन, नवरा-बायको दोघं लोकलचे प्रवासी. एक मांजराचं पिल्लू घेणार होतो, देणाऱ्या बाईंनी अट घातली, दोन न्या. वाटलं, खपवतायत. हो-नाही करत दोन बोके आणले, सख्खे भाऊ.

आता कळतं. शेजाऱ्यांनी एकटं पिल्लू आणलं ते दिवसभर झोपतं आणि रात्री 2 वाजता त्यांच्या पायाच्या अंगठ्यांची शिकार करतं. आमचे दोघं एकमेकांनाच कुस्तीत थकवतात, आणि चावा किती जोरात घ्यायचा हेही एकमेकांकडूनच शिकतात. खर्च मात्र दुप्पट, लसी आणि नसबंदी धरून. भाऊ-बहीण आणत असाल तर नसबंदी लांबणीवर टाकू नका. मांजरांना नातं कळत नाही, आणि भाटी 5 महिन्यांचीसुद्धा गाभण राहू शकते. आणि आधी खिडक्यांना जाळी, मग मांजर. आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत आणि उलट्या क्रमाने केलं. पडला नाही, पण तो छज्जा मी आयुष्यभर विसरणार नाही.
(डोंबिवली)

---

आमच्याकडं पुण्यामुंबईची लोकं कुत्रं आणून सोडत्यात, "शेतावर मोकळं राहील" म्हणून. मोकळं कसलं? इथं बिबट्या हाय. रात्री मोकळं कुत्रं म्हणजे त्याचं जेवण. आमी मागल्या साली एक घेतलं ते आधी लोखंडी जाळीचं खुराडं करून, वरनंसुदा जाळी. दिवस मावळला की आत. आणि कोंबड्या हायती म्हणून मोठंच बघून घेतलं. जिथं होतं तिथं कोंबड्यांत दोन दिवस बघितलं, मग आणलं. तुमचं शहरातलं निराळं असंल.
(जुन्नर)

---

लिहावं की नको असं होतं, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आमचं पहिलं पिल्लू पार्व्होने गेलं, चार दिवसांत. लेकीचं रडणं बघवेना म्हणून पंधरवड्यात दुसरं आणलं. तेही गेलं. पार्व्होचा विषाणू फरशीच्या फटीत, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, हे आम्हाला नंतर कळलं. फिनाईलने घर धुतलं होतं, त्याने तो मरतोच असं नाही, त्याला ब्लीच लागतं, आणि मातीत तेही नीट चालत नाही. तेव्हा घरात कुत्रं आजारपणाने गेलं असेल तर कशाने गेलं ते डॉक्टरांना विचारा आणि नवं कोण, कधी आणायचं तेही त्यांनाच ठरवू द्या. आम्हाला त्यांनी सांगितलं, लसी पूर्ण झालेलं मोठंच आणा. दीड वर्षाची कुत्री आणली, खंडी तिचं नाव. सगळ्यांना पिल्लूच हवं असतं म्हणून ती चार महिने कोणी नेलीच नव्हती.

आणि घरात आधी कुत्रं-मांजर असेल तर नवं आलेलं थेट त्यांच्यात सोडू नका. दहा-पंधरा दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, गोचीड आणि जंतांचं औषध.
(कोल्हापूर)

---

ठकीच्या घरी पोपट आणायचा असा फोन तुम्हालाही कोणीतरी करेलच. मला मावशीचा आला होता, "शिकवलेला आहे, विठ्ठल विठ्ठल म्हणतो." आपला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, फुकट मिळाला तरी. मावशी अजून रुसलेली आहे.

मग ससा सुचवला. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, सशाला तिशीच्या वर त्रास सुरू होतो. त्याच्यासाठी दिवसभर एसी लावायची ऐपत नाही. विषय संपला.
(नागपूर)

---

इथे श्टुटगार्टजवळच्या टियरहाइममध्ये, म्हणजे प्राण्यांच्या आश्रयगृहात, आम्ही कुत्रा निवडला होता. त्यांनी आम्हाला निवडलं नाही! घरमालकाची लेखी परवानगी, फिरायला कोण नेणार, सुट्टीत भारतात गेलात तर कुत्रा कुठे, हे सगळं विचारलं. दोघंही 9 तास बाहेर, म्हणून सरळ नकार. बायको गाडीत बसून रडली. मीही थोडा.

मग त्यांनीच 8 वर्षांच्या दोन मांजरी दाखवल्या, वारलेल्या आजींच्या, सोफ्यावर झोपण्यात तरबेज. आम्ही घरी येतो तेव्हा त्यांची दुसरी झोप संपत आलेली असते. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "म्हातारी मांजरं कोण आणतं रे?" तिला सांगितलं, ज्याच्या घरी दिवसा कोणी नसतं तो. (जाता जाता, मांजर असलेल्या घरात लिलीची फुलं आणू नका. परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या घरभरणीला तीच आली होती.)
(जर्मनी)

---

धागा काढणारी पुन्हा आले. दोनदा वाचून काढलं, कोल्हापूरच्या ताईंचं तीनदा.

पिल्लू रद्द. पायात घुटमळणारं पिल्लू आणि सासूबाईंचा वॉकर एका घरात नको, हे मला खरं तर आधीच सुचायला हवं होतं. ओळखीतल्या, कुत्री-मांजरं सांभाळणाऱ्या एका काकांकडे 5 वर्षांचा कुत्रा आहे, त्यांच्या दोन मांजरांसोबत वर्षभर राहतोय. मांजर धावलं तरी हा मान वर करत नाही, हे मी तासभर बसून बघितलं. लेकाचं तोंड उतरलं होतं. कुत्रा येऊन त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपला, तेव्हापासून तक्रार बंद.

कुत्र्याच्या अंगावरून फिरवलेला टॉवेल काल घरी आणला आणि ठकीच्या ताटलीपासून चार हातांवर ठेवला. तिने हुंगला, शेपटी फुगवली, जेवण सोडून कपाटावर गेली. रात्री 11 ला उतरून जेवली. आज टॉवेल तिथेच आहे, जेवण वेळेवर झालं, पण टॉवेलकडे पाठ करून. उद्या एक हात जवळ सरकवणार. सासूबाई म्हणतात, "मी सून म्हणून आले तेव्हा मला एवढा वेळ कोणी दिला नव्हता."