‘परिस्थिती’, ‘जाणीव’ आणि ‘जागृती’

प्रश्न : आमच्या नागपुरातल्या अभ्यासमंडळासाठी टिपण लिहितोय. आधी परिस्थिती बदलते की आधी जाणीव, असा विषय. ‘भौतिक परिस्थिती’ वाचून घरच्यांनी विचारलं, ‘काहून, भौतिकशास्त्राचं आहे का?’ शिवाय ‘जाणीव’ आणि ‘जागृती’ एकच ना?

— ‘भौतिक’ काढून टाका. ‘परिस्थिती नव्हती म्हणून शाळा सुटली’ हे ज्यानं ऐकलंय, त्याला परिस्थिती म्हणजे पैसा, जमीन, काम हे वेगळं सांगावं लागत नाही. (‘परिस्थिती नियंत्रणात’मधली परिस्थिती निराळी, ती पोलिसांची.)

— एकच नाहीत. क्रियापदं पाहा. जागृती करतात, म्हणजे एक जण उठवणारा आणि बाकीचे झोपलेले. सरकारी फलकांना हा शब्द आवडतो तो उगाच नाही. जाणीव होते, आणि ज्याची त्यालाच होते. गंमत म्हणजे घरात ‘जाणीव ठेव’ म्हणजे उपकार विसरू नको. मालकाच्या उपकाराची जाणीव ठेवणारा मजूर, आणि मालक आपल्या मजुरीतून किती कापतो याची जाणीव झालेला मजूर, दोघांसाठी शब्द हाच!

आपल्याकडचंच बघा. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी 1877 साली सुरू झाली आणि गावकीच्या, म्हणजे जातीनं नेमून दिलेल्या गावच्या कामातून निघालेल्यांना रोख मजुरी मिळू लागली. ही झाली परिस्थिती. पण नुसत्या मजुरीनं संघटना उभी राहत नाही. बिडीचं घ्या. तिथं मजुरी हजार बिड्यांमागे ठरते, खराब म्हणून काढलेल्या बिड्या हिशेबात धरत नाहीत. हे प्रत्येक वळणाऱ्याला ठाऊक असतं, पण एकेकट्याला. कामठीच्या बाबू हरदासांनी (1904–1939) बिडी कामगारांना एकत्र आणलं, ‘जय भीम’ रूढ केलं, 1937 साली ते मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले. माझ्या मते एकेकट्याला ठाऊक असणं आणि सगळ्यांना मिळून झालेली जाणीव यांत इथं फरक पडतो.

— म्हणजे परिस्थिती आधीच, असं नका लिहू. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर धर्मांतर करणाऱ्यांच्या पदरात आर्थिक लाभ काय पडला? उलट केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना 1990 पर्यंत नव्हत्या. तरी लाखो लोक आले. ते पोटाच्या हिशेबात कसं बसवणार?

— बसवू नका. पण येणाऱ्यांत गिरणीकामगार किती होते, तेही विसरू नका.

प्रश्नकर्ता : ‘जाणीव’ऐवजी ‘भान’ चालेल?

— नको. भान येतं, राहतं, हरपतं, सगळं एकट्याचं. आपण कामगार म्हणून एक वर्ग आहोत हे कळणं, याला ‘वर्गभान’ कुणी म्हणतात, पण कामगार चळवळीत ‘वर्गजाणीव’ रुळलाय. तोच ठेवा.