मदत हवी आहे: तालुक्याची 1921 पासूनची लोकसंख्या (तातडीचं)

एमए_भाग_दोन: नमस्कार. प्रबंधिकेसाठी आमच्या तालुक्याची 1921 ते 2011 ची दर दहा वर्षांची लोकसंख्या हवी आहे, स्त्री-पुरुष वेगवेगळी. 1961 पासूनचं मिळालं, त्याआधीचं काहीच नाही. ग्रंथालयात सांगतात, 1921 च्या जनगणनेच्या खंडात असा जिल्हाच नाही. सोमवारी मॅडमना तक्ता दाखवायचाय. कुणाकडे थेट आकडे असतील तर प्लीज द्या.

तात्या_वेंगुर्लेकर: कुठला तालुका? कुठला जिल्हा?

विदावेडा: जनगणना सोडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (2019-21) घ्या. अठराच्या आत झालेली लग्नं, कुटुंबनियोजन, बरंच काही जिल्हावार आहे. आठवड्यात प्रकरण लिहून होईल.

निवृत्त_ग्रंथपाल: अहो, तिला 1921 हवंय. त्या सर्वेक्षणाची पहिली फेरीच 1992-93 ची, आणि तालुक्याचे आकडे त्यात नसतातच.

विदावेडा: म्हणूनच म्हणतोय, विषय बदला. जुन्या खंडांतल्या बेरजा करून नवीन काय हाती लागणार?

एमए_भाग_दोन: विषय मंजूर झालाय, बदलता येणार नाही. सिंधुदुर्ग. कुडाळ.

निवृत्त_ग्रंथपाल: हे आधी कळायला हवं होतं! सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला, त्याआधी तो रत्नागिरीत. आणि कुडाळ तर 1948 पर्यंत सावंतवाडी संस्थानात. म्हणजे 1921 च्या मुंबई इलाख्याच्या खंडात रत्नागिरीच्या पानावरही ते सापडणार नाही. संस्थानांची पानं उघडा, सावंतवाडी बघा.
पण त्या वेळचा कुडाळ पेटा (संस्थानातला महसुली विभाग) आणि आजचा तालुका यांच्या हद्दी एक धरू नका. जिल्ह्यापुरतं सोपं आहे: 2011 च्या जनगणनेच्या ए-2 तक्त्यात 1901 पासूनची लोकसंख्या आजच्या हद्दीनुसार जुळवून दिलेली असते. तालुक्यासाठी मात्र 1951 च्या रत्नागिरी जिल्हा जनगणना पुस्तिकेतली गाववार यादी काढा, आजच्या तालुक्यातली गावं खुणा करून बेरीज करा. त्याच्या मागे गाववार जाणं कठीण, तिथे पेटाच घ्या आणि तसं स्पष्ट लिहा. 1872 हवं असेल तर गॅझेटियरचा दहावा खंड, 1880 चा. त्यात रत्नागिरी आणि सावंतवाडी एकत्रच आहेत.

तात्या_वेंगुर्लेकर: अगो, बेरजेपेक्षा एक गोष्ट बघ. 1931 पर्यंत एका रात्रीत शिरगणती व्हायची, माणूस त्या रात्री जिथे सापडेल तिथला. गिरणीतला चाकरमानी मुंबईत मोजला गेला, बायको-पोरं गावात. त्यात 1921 ची गणती 18 मार्चची, म्हणजे शिमगा तोंडावर आलेला. किती जण गावी पोचले होते, कुणाला ठाऊक! पुरुषांचा आकडा डोळे झाकून घेऊ नको. मुंबई शहराच्या खंडात जन्मस्थानाचा तक्ता असतो, तो शेजारी ठेवून वाच.

विदावेडा: स्थलांतर, स्थलांतर! 2001 ते 2011 मध्ये सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. मुलंच कमी होताहेत, हे खरं कारण.

तात्या_वेंगुर्लेकर: जन्म कमी झालेत, मान्य. पण त्याच 2011 मध्ये शेजारच्या रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया आहेत. नुसता जननदर घटून असं प्रमाण येत नाही हो. आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप, गणपतीत उघडतात.

मूळगाव_शोध: 1931 च्या जनगणनेत पणजोबांचं नाव मिळेल का? कुलवृत्तांतासाठी हवंय.

निवृत्त_ग्रंथपाल: नाही. छापील खंडांत फक्त तक्ते आणि अहवाल, माणसांची नावं नसतात. त्यासाठी वेगळा धागा काढा.

एमए_भाग_दोन: सावंतवाडी सापडली!! पण आमच्याकडे 1951 ची पुस्तिका नाही, आणि 1921 च्या खंडाची झेरॉक्स देत नाहीत, पानं तुटतात म्हणून.

निवृत्त_ग्रंथपाल: झेरॉक्स मागूच नका, त्या कागदाला खरंच सोसत नाही. मोबाईलने फोटो काढायची परवानगी विचारा. 1951 साठी जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरचं डिजिटल ग्रंथालय बघा. तिथे नाही मिळालं तर पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट, नाहीतर देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था. जाताना कॉलेजचं पत्र न्या, आधी फोन करा. आणि फोटोत तळटीपा कापू नका, हद्दी बदलल्याच्या नोंदी तिथेच असतात.