वारा सुसाट, तरी वादळ नाही! बीझेडबद्दल मदत हवी आहे

सौर वाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाचे, आलेख अधूनमधून बघतो. कधी वेग सेकंदाला ७०० किमीच्या वर आणि केपी (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा ० ते ९ चा निर्देशांक) मात्र ३ वर ढिम्म. कधी वारा जेमतेम ४५० चा, तरी केपी थेट ६! बीझेड (वाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक) उणे, म्हणजे दक्षिणेकडे, असला की भूचुंबकीय वादळ होतं एवढं वाचलंय. पण दक्षिणच का? आणि वादळाचा इशारा दोन दिवस आधी देतात, मग बीझेड का सांगत नाहीत? थोडं गणित चालेल.

ध्रुवमत्स्य : सूर्याकडच्या बाजूला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे असतं. वाऱ्यातलं क्षेत्र दक्षिणेकडे असेल तर समोरासमोर आलेल्या उलट दिशेच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. भौतिकशास्त्रज्ञ डंगी यांनी १९६१ मध्ये हे मांडलं. जोडलेल्या रेषा वारा रात्रीच्या बाजूला ओढून नेतो, तिथल्या शेपटीत ऊर्जा साठते, मग कण पृथ्वीकडे फेकले जातात आणि वलयप्रवाह, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारा विद्युत प्रवाह, वाढतो.
गणित म्हणाल तर वेग गुणिले दक्षिण घटक, म्हणजे वाऱ्यातलं विद्युत क्षेत्र. ४५० किमी आणि उणे १२ नॅनोटेस्ला म्हणजे मीटरला ५.४ मिलिव्होल्ट, चांगलंच झालं. ७०० किमी असून बीझेड उत्तरेकडे असेल तर दार जवळपास बंदच. शिवाय टिकलं पाहिजे: उणे १० किंवा त्याखाली तीनेक तास राहिला, तर डीएसटी (वलयप्रवाहामुळे पृथ्वीवरचं क्षेत्र किती नॅनोटेस्लाने घटलं ते सांगणारा निर्देशांक; जितका उणे, तितकं वादळ मोठं) सहसा उणे १०० च्या खाली जातो. पाच मिनिटांच्या बुडीने काही होत नाही.

रात्रपाळी : ऑगस्ट १९७२ चं बघा. सूर्यावरून उसळलेला विद्युतभारित वायूचा ढग १५ तासांच्या आत पृथ्वीवर आदळला, तरी डीएसटी उणे १२५ च्या आसपासच थांबला. क्षेत्र बराच काळ उत्तरेकडे होतं.
इशाऱ्याचं म्हणाल, तर करोनाग्राफमध्ये (सूर्याची तबकडी झाकून भोवतालचा भाग टिपणारी दुर्बीण) ढगाचा आकार आणि वेग दिसतो, आतलं क्षेत्र दिसत नाही. ते कळतं एल१ बिंदूवरच्या यानांकडून, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर. सेकंदाला ५०० किमी वेगाला हातात उरतात ५० मिनिटं.

प्रश्नकर्ता : आभार! म्हणजे ढग पोचल्यावर बीझेड उत्तरेकडे दिसला की आलेख बंद करायचा?

ध्रुवमत्स्य : अजिबात नको. पुष्कळ ढगांत क्षेत्र पिळलेलं असतं. पुढचा भाग उत्तरेचा निघाला तर मागचा दक्षिणेचा असू शकतो, आणि तो यायला कित्येक तास लागतात.