उत्तर: अल्कलिनिटी टिकत नाही
प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) रोज घसरते म्हणून बफरचा (ती वाढवणाऱ्या क्षारांचा) डोस वाढवा, हा इथे आधी कुणी दिलेला सल्ला मला अर्धाच पटतो. घसरते हे खरं, पण ती प्रवाळच संपवतायत कशावरून? चार-दोन छोट्या तुकड्यांचा एवढा खप नसतो. हीटर बंद करा, गार झाला की बाहेर काढून बघा. त्यावर पांढरं खरखरीत पुट असेल आणि व्हिनेगरचा थेंब पडताच ते फसफसलं, तर अल्कलिनिटी तिथेच कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतेय. डोस वाढवाल तसं आणखी बसेल.

मॅग्नेशियम मोजलंय का? हे असं साचणं तेच रोखून धरतं. समुद्राच्या पाण्यात ते साधारण १३०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असतं. हजाराच्या आसपास आलं असेल तर आधी ते वर आणा, तेही हळूहळू. बफरचं नंतर बघता येईल.